सातारा: २७ वर्षांनी गावी, आणि गावातूनच २१ किलोमीटर

शाहूनगरीची लेक

मंडळी, गेल्या महिन्यात सुट्टी काढून साताऱ्याला जाऊन आले आणि तिथली हिल हाफ मॅरेथॉन पळाले. पदक, वेळ, फोटो हे सगळं घरच्या ग्रुपवर टाकून झालं. इथे लिहायचंय ते वेगळं आहे. इथे सातारकर बरेच आहेत, म्हणून इथेच लिहिते. थोडं लांबेल.

माझं बालपण यादोगोपाळ पेठेतलं. १९९८ साली लग्न होऊन नागपूरला गेले. त्याच्या आदल्या वर्षी आण्णा निवृत्त झाले होते. माझं लग्न लागल्यावर आई-आण्णा भावाकडे पुण्याला राहायला गेले. आमची जागा भाड्याची, दोन खोल्यांची. ती सोडली आणि साताऱ्याला जायला कारणच उरलं नाही. माहेर म्हणजे पुणे झालं. कोल्हापूरकडे कुणाच्या लग्नाला जाताना हायवेवरून अजिंक्यतारा दिसायचा, त्याच्या डोक्यावरचा टीव्हीचा मनोरा दिसायचा. मी खिडकीतून हात जोडायची आणि गाडी पुढे निघून जायची.

आण्णा पाणीपुरवठ्यात होते. कागदावर हुद्दा काहीही असो, पेठेत त्यांना सगळे चावीवालेच म्हणायचे. त्यांची चावी म्हणजे टी अक्षराच्या आकाराची लोखंडी कांब, तेव्हाच्या माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच. आडवा दांडा मधोमध गंजलेला, पण दोन्ही टोकं हात लागून लागून चांदीसारखी झालेली. पहाटे चारला उठून ती खांद्यावर टाकून जायचे. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची, ती व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसली की एक बारीक आवाज यायचा, आणि मग आटे मोजत फिरवायची. कुठल्या गल्लीला किती आटे हे त्यांच्या डोक्यात. सातारा उतारावर वसलंय, त्यामुळे वरच्या आळीला पाणी चढायचं तर खालच्या आळीची चावी आवळावी लागते. थोडी जास्त आवळली तर खालचे भांडायला येणार, कमी आवळली तर वरचे. मग नळातून आधी नुसती हवा फुसफुसायची, दोन-तीन गढूळ पिचकाऱ्या, आणि कुठूनतरी हाक यायची, "पाणी सुटलं गं!" माझी झोप रोज त्या हाकेनं मोडायची.

कासच्या तलावाचं पाणी गावात उतारानं येतं, पंपाची गरज नाही. त्या लाइनीवर काही काम निघालं की आण्णांना यवतेश्वरचा घाट चढून जावं लागायचं, कधी कधी चालतच. गौरी-गणपतीच्या दिवसांत गेले की येताना गौरीसाठी तेरडा आणायचे, मुळासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून. मी मागे लागायची, मलाही न्या. "तुझ्या पायांना झेपायचा नाही तो घाट," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. २०१९ साली आण्णा गेले. तो घाट मी कधी पायी चढलेच नाही.

पळायला लागले चाळिशी उलटल्यावर. आधी नागपुरात फुटाळा तलावावर चालणं, मग सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर हळूहळू पळणं. मध्ये एकदा गुडघा सुजला, तेव्हा एका डॉक्टरांनी पळणं कायमचं बंद करायला सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी मांडीचे व्यायाम दिले आणि सहा महिन्यांनी परत पळायला लागले. ज्या दिवशी पहिल्यांदा १५ किलोमीटर झाले त्या रात्री साताऱ्याची नोंदणी केली. लेकीला सांगितलं, चल, तुला माझं गाव दाखवते.

नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट साताऱ्याला जाते, जवळजवळ एक दिवस घेते, पण मला विमान-टॅक्सी नको होती. स्टेशन माहुलीच्या बाजूला, गावापासून लांब. रिक्षात बसलो आणि रिक्षावाल्या दादांनी विचारलं, "कुठं सोडू?" आणि मला एकदम पत्ताच सांगता येईना. लॉजचं नाव सांगायला जीभ वळत नव्हती.

पेठेत गेलो होतो आदल्या संध्याकाळी. आमचा वाडा नाही. तिथे चार मजली इमारत आहे, खाली गाड्या लावलेल्या. त्यावर आणखी काही लिहीत नाही.

शर्यतीच्या दिवशी अंधार असताना उठलो. पाऊस नव्हता, ढग मात्र खाली उतरलेले. अदालतवाड्यावरून समर्थ मंदिर, तिथून बोगद्याच्या बाजूला आणि मग यवतेश्वरचा घाट, असा रस्ता. पहिले काही किलोमीटर मी पळत नव्हतेच, बघत होते. लहानपणी हा रस्ता दप्तर घेऊन चाललेली, पिठाचा डबा घेऊन चाललेली, कधी मधोमध चालायला मिळाला नव्हता. त्या सकाळी सगळा रस्ता आमचा होता. दोन्ही बाजूंना माणसं. आंघोळ करून, शर्ट खोचून उभे राहिलेले आजोबा, ढोल, लेझीम घेतलेल्या शाळेच्या मुली. "ताई, हाणा! चढ आलाय, हाणा!" नागपूरला पळताना मला कुणी हाक मारत नाही हो. इथे माझं नाव कुणाला माहीत नव्हतं तरी हाक होती.

घाट मात्र घाटच. मी ठरवलं होतं, चढावर पळायचं नाही असं नाही, पण पाऊल छोटं ठेवायचं, नजर पुढच्या वळणावर ठेवायची नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणावर मागे वळून पाहिलं तर ढग फाटला होता आणि खाली सातारा, समोर किल्ला. दरडीच्या कडेला सोनकीची पिवळी फुलं आणि त्यांच्या खाली, ओघळाच्या ओल्यात, तेरडा. आण्णा याच्यासाठी वाकले असतील, इथेच कुठेतरी. मी थांबले नाही, पण पुढचं एक वळण मला नीट दिसलं नाही.

यवतेश्वरच्या पुढे रस्ता जरा सपाट, एका अंगाला कण्हेर धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला उरमोडीचं खोरं. परत फिरले. उतारावर वाटलं आता काय, पोचलोच. आणि सोळाव्या किलोमीटरला डाव्या पोटरीत गोळा आला.

लंगडत बोगद्यापाशी आले, समर्थ मंदिराच्या अलीकडे कडेला उभी राहिले. तिथे एक आजी. नऊवारी, हातात स्टीलचं ताट, ताटात गुळाचे खडे आणि शेंगदाणे. त्यांनी खडा हातावर ठेवला, माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं,

"कुणाची म्हणायची गं तू?"

मंडळी, हा प्रश्न मला २७ वर्षांत कुणी विचारला नव्हता. काय करता, कुठे असता, मिस्टर काय करतात, हे विचारतात. माझ्या तोंडून निघालं, "चावीवाल्यांची. यादोगोपाळ पेठेतल्या."

आजींनी ताट एका हातात घेतलं, दुसऱ्या हातानं माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, "मग थांबलीस कशाला? पळ!"

२ तास ५१ मिनिटं. शेवटचे चार किलोमीटर कसे गेले ते मला सांगता येणार नाही.

त्या आजींचं नाव विचारायचं राहिलं. संध्याकाळी लेकीला घेऊन परत त्या जागी गेले, आजूबाजूला विचारलं, पण नीट काही सांगता आलं नाही आणि रात्रीची गाडी होती. इथल्या कुणाला माहीत असेल तर कळवा.

सांगलीचा पळपुटा

ताई, सकाळी सकाळी वाचलं, ऑफिसला उशीर झाला. मी पुढच्या वर्षी हीच शर्यत करायच्या विचारात आहे. आमच्याकडे सगळं सपाट. कृष्णाकाठ, आमराई, आयर्विन पूल, झालं. चढ म्हटला तर तो पूल. रविवारी मिरजेच्या पुढे दंडोबाच्या डोंगराला जातो तेवढाच. घाटाची तयारी कशी केलीत? आणि पोटरीत गोळा चढावर न येता उतारावर कसा काय आला?

फिजिओ मावशी

लेख वाचून डोळे भरले, पण पोटरीचं मी सांगते, माझा रोजचा विषय आहे.

लोक घाटाला घाबरतात ते चढाला. त्रास देतो तो उतार. चढताना दम लागतो, छातीचा भाता होतो, पण स्नायू आखडत काम करतात, ते त्यांच्या सवयीचं. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू शरीराला ब्रेक लावतो, म्हणजे ताण घेत घेत लांबत जातो. त्यात स्नायूच्या तंतूंना बारीक बारीक इजा होतात. म्हणून डोंगरी शर्यतीनंतर त्या दिवशी माणूस बरा असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतो. गोळा येतो तो बहुतेक वेळा दमलेल्या स्नायूला, आणि चढावर पोटऱ्या आधीच दमलेल्या असतात.

यावर उपाय सोपा आहे आणि फार कमी लोक करतात: उताराचाच सराव. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा लांब उतार पळून घ्या. त्या एका सरावानं स्नायू पुढच्या वेळी कमी दुखावतो, आणि तो फायदा काही आठवडे टिकतो. दंडोबा त्यासाठी उत्तम. चढा चालत, उतरा पळत. पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, टाच पुढे टाकून आपटायची नाही. आणि बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधा, नाहीतर पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख काळं होतं.

शाहूनगरीची लेक

मावशी, अगदी हेच झालं. तिसऱ्या दिवशी रेल्वेच्या पायऱ्या उतरवेनात, लेकीनं बॅगा घेतल्या. नखही काळं झालंय.

सांगलीकर दादा, नागपुरात मी सेमिनरी हिल्सचा एकच चढ पुन्हा पुन्हा केला, रविवारी आठ-आठ वेळा. चढावर लक्ष दिलं, उतार म्हणजे विश्रांती समजून खाली चालत यायची. चुकलं ते तिथे.

माणदेशी

या शर्यतीचं नाव २०१५ साली गिनीज बुकात गेलं होतं, एका डोंगरावर एकाच वेळी सर्वांत जास्त माणसं पळाली म्हणून. पण मला वेगळंच सांगायचंय. साताऱ्याचं पळणं म्हटलं की आम्हाला मोहीची ललिता बाबर आठवते. आमचा माण तालुका, पावसाची वाट बघण्यात निम्मं आयुष्य जातं. त्या मातीतली पोरगी २०१६ ला रिओच्या ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोचली. ९ मिनिटं १९.७६ सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय बाई. त्या दिवशी आमच्या गावात टीव्हीपुढं म्हातारी माणसं बसली होती, ज्यांना स्टीपलचेस म्हणजे काय ठाऊक नव्हतं. पोरगी पाण्याच्या खड्ड्यात उडी घेते हे बघून एक जण म्हणाले, "आपल्याकडं पाणी न्हाई आन् ही तिकडं पाण्यात उड्या मारतीया." त्यानंतर आमच्या वस्तीवरच्या पोरींना पहाटे रस्त्यावर पळायला कुणी आडकाठी केली नाही. पदकापेक्षा ते मोठं झालं.

तुमच्या वडलांसारखी माणसं आमच्याकडं टँकरवर असायची. पाण्यावरचा माणूस गावाला कधी विसरत नाही आणि गाव त्याला.

जुना पेठकरी

माझं वय ७४. साताऱ्यातच आहे, शनिवार पेठेत. चावीवाल्यांना मी ओळखत होतो. उंच, काटक, खाकी हाफ पँट, थंडीत कानाला मफलर. बरोबर ना?

बाई, तुम्ही आट्यांचं लिहिलंत ते वाचून मला आमच्या गल्लीतली भांडणं आठवली. उन्हाळ्यात पाणी कमी यायचं. एकदा आळीतल्या चार-पाच जणांनी त्यांना घेरलं, दोन आटे जास्त सोडा म्हणून. ते भांडले नाहीत. एकाला हाताला धरून वरच्या आळीत घेऊन गेले आणि तिथल्या एका बाईच्या नळाखालची कळशी दाखवली. तळाला चार बोटं पाणी. परत येऊन त्या गृहस्थानं सगळ्यांना घरी पाठवलं. तो गृहस्थ म्हणजे माझा थोरला भाऊ.

शर्यतीच्या दिवशी मी दारात खुर्ची टाकून बसतो. पुढच्या वर्षी आलात तर लॉजवर उतरायचं नाही.

शाहूनगरीची लेक

काका, हाफ पँट आणि मफलर, अगदी बरोबर. तो मफलर आईनं विणलेला, मरून रंगाचा. कळशीची गोष्ट मला माहीत नव्हती. आण्णा घरी कामाचं काही बोलायचे नाहीत. भावाला आत्ताच फोन करून वाचून दाखवली, तो बराच वेळ काही बोललाच नाही.

येईन काका. तुमच्याकडेच उतरेन.

दूरदेशी

मी मूळची साताऱ्याची, गेली १९ वर्षं परदेशात. दर दोन वर्षांनी भारतात येते, मुंबईहूनच परत जाते. गावी जायचं धाडस होत नाही. आमचं घर विकलं, तेही पाडलं असं ऐकलं. मला वाटतं, नाही पाहिलं तर माझ्या मनात ते तसंच उभं राहील. ताई, खरं सांगा, ती चार मजली इमारत पाहिल्याचा पश्चात्ताप होतो का?

शाहूनगरीची लेक

खरं सांगते. त्या संध्याकाळी झाला. लॉजवर येऊन जेवले नाही. लेक म्हणाली, उद्या पळू नकोस, आपण राजवाड्यावर जाऊ, चौपाटीवर खाऊ आणि परत जाऊ.

पण गाडीतून उतरून, पाहून, गाडीत बसून निघून आले असते तर माझ्याजवळ फक्त ती इमारत उरली असती. पळाले म्हणून सगळा उतार पायाखालून गेला. तुम्ही सातारकर आहात, तुम्हाला कळेल. आपल्या गावात सपाट असं काही नाहीच. कुठे दम लागायचा, कुठे पाऊल आपोआप झपझप पडायचं, हे पायांना ठाऊक होतं, मला नव्हतं. समर्थ मंदिराच्या चढाला मी न ठरवता पुढे वाकले, पिठाचा डबा डोक्यावर असल्यासारखी. घर पाडता येतं, चढ कोण पाडणार?

पळूच नका हवं तर. पण सकाळी लवकर उठून चाला. एकट्यानं.

पेठेतला

ताई, मी शर्यतीत पाणी द्यायला उभा असतो, सहा वर्षं झाली. ताटवाल्या आजी मला माहीत आहेत. दरवर्षी तिथेच असतात, सगळे त्यांना गूळवाल्या आजीच म्हणतात. काल संध्याकाळी घरी जाऊन आलो. त्यांच्या परवानगीनं लिहितोय, नाव मात्र देऊ नको म्हणाल्या.

तुमचा उल्लेख काढला तर लगेच म्हणाल्या, "लंगडत होती ती? पोचली का?" पोचल्या म्हटल्यावर त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करतो.

"आमच्या थोरलीच्या लग्नात दुसरी पंगत बसलेली आन् मांडवातलं पाणी संपलं. त्या दिवशी आमच्याकडं पाण्याचा वार नव्हता. चावीवाले पंगतीतच बसले होते, भात कालवला होता. कुणी काही बोललं न्हाई त्यांना. माझं तोंड बघून ते पानावरनं उठले. मी म्हटलं, अहो जेवा तरी. तर म्हणाले, लेकीचं लग्न आहे वहिनी. घरी जाऊन चावी आणली, अर्धा तास पाणी सोडलं, चावी परत आवळली. येईस्तोवर पंगत उठलेली. मग मी त्यांना माजघरात बसवलं, नवं पान मांडलं आन् मीच वाढलं. जाताना एक लाडू रुमालात बांधून दिला, लेक घरी तापानं झोपलीय म्हणाले होते. ती हीच का?"

मी म्हटलं, विचारून सांगतो.

शाहूनगरीची लेक

मी चौथीत होते. गोवर निघाला होता, म्हणून आई आणि मी लग्नाला गेलो नव्हतो. आण्णांना यायला उशीर झाला तेव्हा आई दारात उभी होती. "एवढा वेळ जेवत होतात?" असं तिनं विचारलेलं मला अंथरुणातून ऐकू आलं. आण्णा म्हणाले, "दोनदा जेवलो." आई रागावली, ते हसले, आणि रुमाल माझ्या उशाशी ठेवला. बुंदीचा लाडू होता, रुमालाला तूप लागलेलं. त्या दोनदा जेवण्याचा अर्थ आई जाईपर्यंत तिला कळला नाही, मला आज कळला.

त्यांना सांगा, तीच ही.

पुढच्या वर्षीची तारीख कळली की नोंदणी करणार आहे. आदल्या दिवशी आजींकडे यायचंय, येताना नागपूरची संत्रा बर्फी घेऊन येईन. पेठेतला दादा, त्यांना साखर चालते का, तेवढं विचाराल?